तांबड्या पेशीतून औषध : एका साध्या कल्पनेची पन्नास वर्षे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औषधाची गोळी दिवसातून तीनदा का घ्यायची, हा प्रश्न घरोघरी मुले विचारतात आणि ‘डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणून’ एवढ्या उत्तरावर त्यांची बोळवण होते. खरे उत्तर मोठे रंजक आहे. शरीराच्या लेखी औषध हा परका पदार्थ असतो. तो पोटातून किंवा सुईतून रक्तात उतरला की यकृत त्याचे विघटन करू लागते, मूत्रपिंडे त्याला बाहेर टाकू लागतात आणि काही औषधांवर तर शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा थेट हल्ला चढवते. त्यामुळे रक्तातील औषधाचे प्रमाण झपाट्याने वाढते आणि तसेच घसरते. ते फार वाढले तर दुष्परिणामांची भीती, फार घसरले तर गुण न येण्याची. या दोन टोकांमधला पट्टा राखण्यासाठी औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते. म्हणजे औषध कोणते, या प्रश्नाइतकाच ते शरीरात कोठे, किती काळ आणि कोणाच्या आश्रयाने राहते, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

या दुसऱ्या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने दिलेल्या एका उत्तराचे वय जवळजवळ या शाळेएवढेच आहे. ते उत्तर ऐकायला अगदी सोपे वाटते. रक्तात जी पेशी नित्य संचार करते, जिला शरीर स्वतःचे मानते, त्या तांबड्या पेशीतच औषध भरावे आणि तिला पुन्हा रक्तात सोडावे. या कल्पनेने किती मोठी आशा निर्माण केली, ती कोठे फळाला आली, कोठे नाही, आणि आजारी मुलांच्या आईवडिलांना त्यातून काय घेता येईल, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम या पेशीची ओळख. पाठ्यपुस्तकातील आकृतीत दिसणारी, दोन्ही बाजूंनी मध्यभागी दबलेली ती तांबडी चकती सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची असते. प्रौढ माणसाच्या शरीरात अशा सुमारे २५ लाख कोटी पेशी असतात आणि अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडवत असते. परिपक्व होताना ही पेशी आपले केंद्रक टाकून देते आणि तंतुकणिकाही गमावते. जागा मोकळी होते, तिथे हिमोग्लोबिन भरले जाते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. मग सुमारे १२० दिवस ती फुफ्फुसांतून प्राणवायू उचलते आणि अवयवा-अवयवाला पोचवते. स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद अशा केशवाहिन्यांतून ती अंग चोरून जाते आणि पुन्हा मूळ आकार घेते. म्हातारी झाली की प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी तिला गिळतात आणि तिच्यातील लोह नव्या पेशींसाठी वापरात येते.

औषध वाहून नेण्याच्या दृष्टीने यातील जवळजवळ प्रत्येक गुण उपयोगाचा आहे. पेशीला केंद्रक नसल्यामुळे तिच्यातून परकी जनुके शरीरात रुजण्याचा किंवा तिचे बेसुमार विभाजन होण्याचा धोका नाही. ती शरीराची स्वतःची असल्याने, किंवा दात्याची असली तरी रक्तगट जुळवून दिलेली असल्याने, प्रतिकार यंत्रणा तिच्यावर तुटून पडत नाही. रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लावला आणि तेव्हापासून एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याचा अनुभव वैद्यकाच्या गाठीशी जमा होत गेला. शिवाय ही पेशी आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने टिकते. प्रयोगशाळेत तयार केलेल्या बहुतेक सूक्ष्मकणांना रक्तात काही तास तग धरणेही जड जाते.

आता औषध आत भरायचे कसे? येथे शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या फोडींवर शिकवलेले परासरण कामास येते. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, कारण बाहेरचे पाणी आत शिरते. तांबडी पेशी सौम्य क्षाराच्या द्रावणात ठेवली की तसेच घडते. ती फुगते, चकतीची गोळी होते, तिच्या पटलावर ताण येतो आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रे उघडतात. त्या क्षणी भोवतीच्या द्रावणातील औषध आत शिरते. लगेच क्षाराचे प्रमाण पूर्ववत करून पेशी शरीराच्या तापमानाला ठेवल्या की छिद्रे मिटतात आणि औषध आत कोंडले जाते. फुगवण्यात थोडी जरी चूक झाली तर पेशी फुटते आणि सारे श्रम वाया जातात. कमी फुगवली तर औषध आत जात नाही. सगळे कौशल्य या दोन्हींच्या मधली नेमकी वेळ साधण्यात आहे.

तांबड्या पेशीची पटले उघडून पुन्हा मिटवता येतात, हे १९५०च्या दशकात हंगेरीतील ग्यॉर्गी गार्दोश यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले होते. पण उपचार डोळ्यांसमोर ठेवून हे तंत्र वापरण्याची दिशा १९७३ मध्ये स्पष्ट झाली. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातील गॅरेट आयलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या पेशींत विकरे, म्हणजे एन्झाइम, भरून दाखवली. त्यांच्यासमोर गोशे आजारासारखे वारशाने येणारे विकार होते. गोशे आजारात एक विकर अपुरे पडते, त्यामुळे विशिष्ट स्निग्ध पदार्थ भक्षक पेशींत साठत जातो आणि प्लीहा व यकृत वाढतात. म्हाताऱ्या तांबड्या पेशी शेवटी याच भक्षक पेशींच्या तोंडी जातात. मग हवे असलेले विकर त्यांच्यातच भरून पाठवावे, असा तो विचार होता. काही वर्षांतच अशा पेशी गोशेच्या रुग्णाला प्रत्यक्ष देऊनही पाहण्यात आल्या. पुढे या आजारावर उपचार सापडला, पण तो दुसऱ्या वाटेने. विकराच्या रेणूवरील शर्करेत बदल करून भक्षक पेशी त्याला आपणहून ओढून घेतील अशी योजना झाली आणि १९९१ मध्ये असे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. तांबड्या पेशीच्या कल्पनेचे पहिले लक्ष्य दुसऱ्यानेच गाठले. पण कल्पना मागे पडली नाही. अनेक देशांत तिच्यावर काम चालू राहिले. आपल्याकडे मध्य प्रदेशातील सागरच्या डॉ. हरिसिंह गौर विश्वविद्यालयातील औषधनिर्माणशास्त्र विभागातही या विषयावर संशोधन झाले.

या पन्नास वर्षांतील दोन कथा विशेष सांगण्यासारख्या आहेत. दोन्हींच्या केंद्रस्थानी मुले आहेत.

पहिली कथा रक्ताच्या कर्करोगाची. मुलांमध्ये आढळणाऱ्या तीव्र ल्युकेमियाच्या एका प्रमुख प्रकारात ॲस्पॅराजिनेज हे विकर उपचाराचा एक आधारस्तंभ आहे. त्याची युक्ती अशी : ॲस्पॅराजिन नावाचे एक अमिनो आम्ल निरोगी पेशी स्वतः तयार करू शकतात. ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसे तयार करता येत नाही, त्या रक्तातून उचलतात. (हे आम्ल १८०६ मध्ये फ्रान्समध्ये ज्या भाजीच्या रसातून वेगळे केले गेले, ती आपल्या शतावरीच्याच कुळातील. नाव तिच्यावरून पडले.) ॲस्पॅराजिनेज रक्तातील हे आम्ल तोडून टाकते आणि रोगट पेशींची उपासमार होते. योग्य उपचार वेळेवर मिळाले तर आज या आजारातून बहुसंख्य मुले बरी होतात, त्यात या विकराचा वाटा मोठा आहे.

अडचण अशी की हे विकर जिवाणूंपासून मिळवतात. शरीर त्याला परके म्हणून ओळखते. काही मुलांना त्याची तीव्र ॲलर्जी होते, काहींच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन ते गुपचूप निकामी होते. उपचार मध्येच थांबवावा लागला तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. अशा मुलाच्या आईवडिलांना त्या घटकेला काय वाटत असेल, याची कल्पना पालकांना सहज यावी.

येथे तांबडी पेशी फार डौलाने पुढे येते. विकर पेशीच्या आत बंदिस्त असल्याने प्रतिपिंडे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. ॲस्पॅराजिन मात्र पेशीच्या पटलातून आत जाऊ शकते. म्हणजे शिकार स्वतःच सापळ्यात शिरते आणि आतल्या आत तोडली जाते. पेशी येथे औषध सोडत नाही, ती स्वतःच एक फिरता कारखाना बनते. साध्या स्वरूपातील विकराचे रक्तातील प्रमाण एखाद्या दिवसात निम्म्यावर येते, पेशीत कोंडलेले विकर आठवडे टिकते. फ्रान्समधील ल्यों येथील एरिटेक या कंपनीने दात्यांच्या रक्तापासून असे औषध तयार केले. ॲलर्जी झालेल्या ल्युकेमियाच्या रुग्णांना उत्तर युरोपातील एका चाचणीत ते देण्यात आले, तेव्हा त्यांपैकी बहुसंख्यांच्या रक्तात विकराचे काम हवे तेवढे दिवस चालू राहिल्याचे आढळले.

एवढ्यावर कथा संपली असती तर ती आनंदाची झाली असती. पण याच औषधाकडून स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगातही मोठी आशा बाळगण्यात आली. पाचशेहून अधिक रुग्णांवरील मोठ्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांच्या आयुर्मानात निश्चित म्हणावा असा फरक पडला नाही. त्याच सुमारास ॲलर्जी झालेल्या ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी दुसऱ्या जिवाणूपासून घेतलेले, नव्या तंत्राने तयार केलेले ॲस्पॅराजिनेज अमेरिकेत मान्य झाले. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या औषधाच्या मान्यतेचा पाठपुरावा सोडून दिला.

दुसरी कथा इटलीतील उर्बिनो येथून सुरू होते. तेथील मौरो मान्यानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे तांबड्या पेशींवर काम केले. त्यातून पुढे आलेला एक उपचार ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी आजमावण्यात आला. या आजारात मूल चालू लागते तेव्हाच त्याचा तोल जाऊ लागतो. शरीराचा तोल सांभाळणारा लहान मेंदू हळूहळू झिजत जातो, डोळ्यांत रक्तवाहिन्यांचे लाल जाळे दिसू लागते, प्रतिकारशक्ती दुबळी होते आणि पुष्कळ मुलांना वयाच्या दहा वर्षांच्या सुमारास चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. यास कारणीभूत असलेला जनुक १९९५ मध्ये ओळखला गेला. आजार मुळापासून बरा करणारे औषध मात्र अजून नाही.

स्टेरॉइडने या मुलांच्या हालचालींत काहीशी सुधारणा होते, असे आढळले होते. पण वाढत्या वयातील मुलाला स्टेरॉइड वर्षानुवर्षे देणे म्हणजे त्याची उंची, हाडे आणि प्रतिकारशक्ती पणाला लावणे. तेव्हा मुलाचे थोडे रक्त काढून त्याच्याच पेशींत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे एक निष्क्रिय रूप भरायचे आणि पेशी त्याच दिवशी परत द्यायच्या, अशी योजना झाली. हे निष्क्रिय रूप पेशीच्या पटलातून बाहेर पडू शकत नाही. पेशीतील विकरे त्यावरील फॉस्फेटचा गट हळूहळू काढून टाकतात, मगच सक्रिय औषध तयार होते आणि थेंबाथेंबाने रक्तात झिरपते. महिन्यातून एकदा दिलेला हा डोस आठवडे पुरतो. येथे तांबडी पेशी कोठीघरासारखे काम करते, आणि त्या कोठीघराचे कुलूपही तिच्याचजवळ असते.

या उपचाराची चाचणी भारतासह १२ देशांत झाली आणि तिचा निकाल २०२४ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने दिसणाऱ्या नेहमीच्या दुष्परिणामांची धास्ती वाटावी असे चित्र दिसले नाही. पण ज्या प्रमुख कसोटीवर यश मोजायचे ठरले होते, त्या कसोटीवर औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत निर्णायक फरक आढळला नाही. लहान वयाच्या गटात काही लाभ झाल्याचे संकेत दिसल्यामुळे त्या गटासाठी वेगळी चाचणी हाती घेण्यात आली. असे संकेत म्हणजे पुरावा नव्हे. ते फक्त पुढचा प्रश्न विचारण्याचे कारण असते.

शाळेतील गणिताच्या पेपरात उत्तर चुकले तरी रीतीचे गुण मिळतात. या दोन्ही कथांत रीत देखणी होती, तिची प्रत्येक पायरी बरोबर होती. औषध पेशीत गेले, पेशी टिकल्या, विकराने काम केले. पण रुग्णाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न एकच उरतो : मूल अधिक स्थिर चालू लागले का, माणूस अधिक जगला का? वैद्यकात अखेरचे गुण याच उत्तराला मिळतात. म्हणूनच चाचणीपूर्वी कसोटी जाहीर करणे आणि नंतर निकाल प्रतिकूल आला तरी प्रसिद्ध करणे, ही आधुनिक वैद्यकाची मोठी नैतिक कमाई आहे.

तांबड्या पेशीच्या मर्यादाही तिच्या गुणांतूनच येतात. ती रक्तवाहिन्यांच्या भिंती ओलांडून सहसा बाहेर जात नाही, म्हणून ऊतींत खोलवर रुजलेल्या गाठीपर्यंत ती स्वतः पोचत नाही. रक्तातच करायचे काम असेल, सावकाश झिरपणारे औषध हवे असेल किंवा प्लीहा आणि यकृत याच ठिकाणी जायचे असेल, तर ती उत्तम. दुसरी मर्यादा प्लीहेची नजर. प्लीहेतील फटी एक-दोन मायक्रोमीटरच्या, पेशीहून कितीतरी अरुंद. लवचीक पेशी त्यातून निसटते, ताठरलेली अडकते आणि नष्ट होते. निसर्गाने याचा दाखला आधीच देऊन ठेवला आहे. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात ज्या हिवतापाच्या परजीवीचा माग लागला, तो परजीवी माणसाच्या शरीरात तांबड्या पेशीतच दडून वाढतो आणि प्रतिकार यंत्रणेची नजर चुकवतो. पण त्यामुळे पेशी ताठरते, प्लीहा तिला अडवते आणि हिवतापात ‘पाणथरी’ वाढते ती त्यामुळेही. औषध भरताना पेशीला इजा झाली तर तिचीही गत तीच होते. तिसरी अडचण व्यवहाराची. प्रत्येक माणसाच्या पेशी थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे दर वेळी सारख्याच ताकदीचे औषध तयार करणे अवघड जाते. तयार औषध काही दिवसांतच वापरावे लागते. आणि जेथे दात्याचे रक्त लागते, तेथे सारी भिस्त सुरक्षित, स्वेच्छेने दिलेल्या रक्तावर असते. माजी विद्यार्थी संघ भरवत असलेल्या रक्तदान शिबिरांचे मोल अशा वेळी आणखी एका अंगाने कळते.

या मर्यादांवर नवे मार्ग शोधले जात आहेत. पेशी फोडून आत औषध भरण्याऐवजी औषधाचे सूक्ष्मकण तिच्या पाठीवर बसवायचे, हा एक मार्ग. रक्त सुईवाटे शिरेत शिरले की पुढे त्याला प्रथम फुफ्फुसांच्या दाट केशवाहिन्यांतून जावे लागते. त्या दाटीत पाठीवरचे कण खरवडले जाऊन तेथेच उतरतात. प्राण्यांवरील प्रयोगांत या पद्धतीने फुफ्फुसांत पोचणाऱ्या कणांचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे व्लादिमीर मुझिकांतोव्ह आणि हार्वर्ड विद्यापीठाचे समीर मित्रगोत्री यांच्या गटांनी या दिशेने महत्त्वाचे काम केले आहे. मित्रगोत्री यांचे रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत झाले, ही मराठी विद्यार्थ्यांना जवळची वाटावी अशी गोष्ट. दुसऱ्या मार्गात तांबड्या पेशीचे फक्त पटल घेऊन ते कृत्रिम सूक्ष्मकणांवर पांघरले जाते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०११ मध्ये हे करून दाखवले. त्या पांघरुणामुळे शरीर कणाला काही काळ आपलाच समजते. हे दोन्ही मार्ग अजून बऱ्याच अंशी प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहेत.

पालकांच्या दृष्टीने या साऱ्याचे सार व्यवहाराचे आहे. दुर्धर आजार असलेल्या मुलाच्या घरी आशा विकणारे पुष्कळ येतात आणि नव्या विज्ञानाची भाषा त्यांच्या तोंडी लवकर बसते. ‘तुमच्याच रक्तातून औषध’ हे शब्द ऐकायला फार गोड आहेत. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत. हा उपचार मान्यताप्राप्त आहे की चाचणीच्या अवस्थेत आहे? चाचणी असेल तर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेमार्फत चालवल्या जाणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा क्रमांक कोणता? भारतात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची अशी नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. आणि तिसरा प्रश्न : यश कशावर मोजले जाणार आहे, रक्तातील एखाद्या आकड्यावर की मुलाच्या प्रत्यक्ष प्रकृतीवर? संमतीपत्र मातृभाषेत समजावून घेण्याचा हक्क पालकांना आहे, आणि सात वर्षांवरील मुलाचा होकारही विचारात घ्यावा लागतो. मराठीतून विज्ञान शिकलेल्या पालकाला ‘परासरण’ आणि ‘विकर’ हे शब्द माहीत असतात. त्याने डॉक्टरांना न बिचकता प्रश्न विचारावेत, यासाठीच तर ते शब्द शाळेने शिकवले.

ज्या दिवशी रक्त काढले जाते, त्या दिवशी नमुन्यात सर्व वयांच्या पेशी असतात. काही कालच जन्मलेल्या, काही अखेरच्या फेरीवर निघालेल्या. वैद्यकातील कल्पनांचेही तसेच आहे. काही पिकून गळून पडतात, काही नुकत्या अस्थिमज्जेतून बाहेर येत असतात, आणि गळून पडलेल्यांतील लोह नव्यांच्या कामी येते. तांबड्या पेशीतून औषध नेण्याच्या प्रयत्नांत आजवर जे कळले, त्यात ज्या मुलांनी आणि ज्या आईवडिलांनी उत्तर माहीत नसताना चाचणीत भाग घेतला, त्यांचा हिस्सा सर्वांत मोठा आहे. उद्या एखाद्या मुलाचा उपचार ॲलर्जीमुळे थांबणार नाही, एखादे मूल आधाराशिवाय वर्गाच्या दारापर्यंत चालत जाईल, तेव्हा त्या श्रेयाच्या यादीत त्यांची नावे नसतील. ती आठवण जागती ठेवणे एवढे तरी सुशिक्षित समाजाने करावे.